घराचं कार्ड, पोरीची पावती

शाळेला सुट्टी लागली आहे, ऑफिसला नाही. मुलं नसली की ही खोली दुसऱ्याच कुणाची वाटते. पंखा आवाज करतो हे मुलं असताना कळत नाही. दहाच्या पुढे वारा सुटतो आणि रस्त्यापलीकडच्या फळीवरून वाळत्या तेंदूपानांचा तुरट वास खिडकीतून आत येतो. फळी म्हणजे मोकळी जागा. जंगलातून तोडून आणलेली पानं तिथे मोजून घेतात, उन्हात वाळवतात, पोत्यांत भरतात, आणि पुढे कुठेतरी त्यांच्या विड्या होतात.

वास आला की माझा हात आपोआप पानांच्या हिशेबाचं कार्ड शोधतो. इथे कार्ड नाही. पावतीपुस्तक आहे, कॉम्प्युटर आहे, आणि भिंतीला चिकटवलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन आहे. लोक त्याला फोन दाखवतात आणि म्हणतात, "गेले पैसे." कुठे गेले ते मला अजून नीट समजलेलं नाही. शाळेच्या मॅडम म्हणतात, बँकेत. असतील.

त्या फळीवर मी तीस हंगाम मुन्शी होते, पानं मोजून लिहून घेणारी. चौथी शिकलेली बाई मुन्शी कशी झाली, असं बाहेरून आलेले साहेब विचारायचे. त्यात काही मोठं नाही. मुन्शी माझा नवरा होता. एका हंगामात तो तापानं आडवा पडला, वही माझ्याकडे आली, आणि तो उठून बसला तरी परत गेली नाही. माझी बेरीज त्याच्यापेक्षा बरी होती. त्यालाही ते ठाऊक होतं. नंतर तो पोती शिवायला बसायचा आणि मी नाव पुकारायची. तो गेला तेव्हाही हंगाम सुरू होता. तेराव्या-चौदाव्याचं आमच्यात काही नसतं. विहारात वंदना झाली आणि तिसऱ्या दिवशी मी फळीवर गेले, कारण पानं थांबत नाहीत.

हंगाम पंधरा-वीस दिवसांचाच. पण ते दिवस अंगात राहतात. लोक अंधार असतानाच जंगलात जायचे, वाघाची बातमी असली तर सात-आठ बाया मिळून. ऊन चढायच्या आत डोक्यावर गठ्ठे घेऊन परत. मग दुपारभर सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. बोटं काळी व्हायची. साबणानं जात नसे ते काळं, दिवसांनी जायचं. चार वाजता फळीवर पुड्यांच्या रांगा लागायच्या. मी वाकून मोजत जायची आणि कार्डावर लिहायची.

कार्ड घराचं असायचं. हे मला नीट सांगायला पाहिजे, कारण पुढची सगळी गडबड त्यातून झाली. एका घरातून नवरा पानं तोडायचा, बायको तोडायची, सासू घरी बसून पुडे बांधायची, पोरं खालच्या फांद्यांची पानं खुडायची. मोजताना कुणाची पानं कोणती, हे कुणी विचारत नसे. सगळी एका कार्डावर, एका नावावर. एखाद्या घरची सून बाळंत असली तर शेजारीण आपल्यातले वीस पुडे उचलून त्यांच्या रांगेत ठेवायची. मला दिसायचं. मी लिहायची. तीस वर्षं मला वाटत होतं की ह्याच्यापेक्षा सरळ हिशेब जगात नाही.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी जवाब दिला. वाकून मोजता येईना. उभ्यानं मोजणारा मुन्शी चोर असतो, असं मीच नव्या माणसांना सांगत आले होते, म्हणून हंगाम संपल्यावर वही देऊन टाकली. त्याच आठवड्यात शाळेच्या मोठ्या मॅडम घरी आल्या. मॅडम वरोऱ्याच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. शाळा लहान आहे, गावातल्याच मंडळानं काढलेली, सातवीपर्यंत. त्यांच्या ऑफिसातला बाबू गडचिरोलीला नोकरी लागून गेला होता.

"मावशी, फी घ्यायला आणि पैसे सांभाळायला माणूस पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

"मी चौथी शिकली हाये," मी म्हटलं.

"शाळाही तेव्हा चौथीपर्यंतच होती न इथं."

"कॉम्प्युटर मले येत नाई."

"तुम्ही नुसत्या पावत्या फाडा. दर शनिवारी मी कॉम्प्युटरवर चढवून घेईन. मंडळातल्या लोकांना विचारलं, पैशाच्या बाबतीत विश्वास कोणावर. सगळ्यांनी एकच नाव घेतलं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. आणि गुडघ्यांना खुर्ची मिळत होती.

पण पहिल्या दिवसापासून मी जी गोंधळले ती अजून गोंधळलेलीच आहे. आधी मला वाटलं, कॉम्प्युटरमुळे असेल. मग वाटलं, रकान्यांमुळे. फळीवर एकच रकाना: पुडे. इथे एका पाचशेच्या नोटेचे चार भाग करायचे. इतके शिकवण्याचे, इतके गाडीचे, इतके परीक्षेचे, इतके वह्यांचे. फळीवर माल समोर पडलेला असायचा, त्यावर हात ठेवता यायचा. इथे मी पैसे घेते आणि बदल्यात काय देते? एक कागद. माल वर्गात बसून पाढे म्हणत असतो.

खरी गोष्ट मला आठ-दहा दिवसांनी कळली. तीस वर्षं मी लोकांचं येणं लिहिणारी बाई होते. मला पाहिलं की त्यांना आपले पैसे दिसायचे. बाया दुरून हाक मारायच्या, "मुन्शीबाई, चहा घेऊन जा वो!" आता त्याच बाया शाळेच्या फाटकापाशी मला पाहून पदर सावरायच्या, आणि मी काही विचारायच्या आधीच सांगायच्या, "पुढच्या हप्त्यात देतो बाई, पक्कं." मी तर काही मागितलंही नसायचं. खुर्ची बदलली, माणसं तीच, आणि त्यांचं माझ्याकडे बघणं बदललं. ह्याचं काय करायचं ते मॅडमच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

जूनमध्ये तेंदूचे पैसे लोकांच्या हातात असतात आणि तेच पैसे शाळेत येतात. त्यामुळे पहिला महिना माझ्या टेबलावर ओळखीची काळी बोटं होती. सोनी आली ती अशीच. सोनी गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची. तिचा नवरा आठ-नऊ वर्षांमागे सिरोंच्याकडे मासेमारीला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून राहिला. मागे राहिली दोन पोरं. मोठा रोशन सातवीत, धाकटी समीक्षा तिसरीत. सोनीनं कमरेची पिशवी सोडली, सगळे पैसे एकदम टेबलावर ठेवले.

"हे घ्या मुन्शीबाई. दोघाईचे. सालभराचे."

मी मोजले. "बराबर हाये."

"मंग आता सालभर माह्या पोराईले कोणी काई म्हणन नाई न?"

"कोण म्हणन? पुरे भरले तुनं."

आणि मी पावती फाडली. रोशनच्या नावानं. सगळे पैसे. घर तिचं, मोठा पोरगा रोशन, घराला एक नाव लागतं ते त्याचं. मी विचारच केला नाही. हात तीस वर्षं जसा चालला तसा चालला. आणि एकट्या सोनीचं नाही, ज्या ज्या घरची दोन-तीन पोरं शाळेत होती त्या सगळ्या घरांचं मी असंच लिहिलं. अशी तीसेक घरं असतील. अक्षर चांगलं काढलं होतं. मला त्या पावत्यांचा अभिमान होता.

मॅडम शनिवारी पावत्या कॉम्प्युटरवर चढवत गेल्या. त्यांच्या डोक्यावर तपासणी होती, गाडीचं काम निघालं होतं, त्या नाव बघत आणि आकडा टाकत. एका मुलाच्या नावावर जास्त पैसे आले तर कॉम्प्युटर भांडत नाही. तो ते पुढच्या वर्षीचे म्हणून ठेवून घेतो. आणि ज्याच्या नावावर काही आलं नाही त्याचं नाव दुसऱ्या यादीत घालतो.

ती यादी ऑगस्टमध्ये निघाली, पहिल्या चाचणीच्या आधी. मॅडमनी ती वर्गावर्गांत पाठवली, बाईंनी वाचून दाखवली. ज्यांचं नाव येईल त्यांनी घरी सांगावं, एवढंच. कुणाला उभं केलं नाही, कुणाला मारलं नाही. मी तेव्हा ह्याच खुर्चीत होते. खिडकीतून मला एक लहान पोरगी दप्तर घेऊन मैदान ओलांडताना दिसली. मला वाटलं, पोट दुखत असेल. मी पुढची पावती लिहिली.

समीक्षा दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी रोशनला व्हरांड्यात अडवलं.

"बहीण कुठी हाये तुही?"

"नाई येत म्हणते."

"काऊन?"

"तिचं नाव वाचलं. पोरी तिले फुकटी म्हणून राह्यल्या. माय म्हणते, मी तं पैसे देल्ले. समी म्हणते, तू खोटं बोलते."

पोरीनं आईला खोटं ठरवलं होतं, आणि कागद पोरीच्या बाजूनं होता.

मी मॅडमकडे गेले. आम्ही पुस्तक आणि कॉम्प्युटर शेजारी-शेजारी ठेवलं.

"मावशी, रोशनच्या नावावर दुप्पट पैसे कसे?"

"ते घराचे हायेत."

"घराचे म्हणजे?"

"म्हणजे त्या घरचे. दोघाईचे. घराचं एका नावावर लिवते मी."

मॅडमनी डोकं धरलं. मग एकेक पावती उलटवत गेल्या. "हेही? हेही? अहो, हे तर तिघं भाऊ आहेत!" थोड्या वेळानं त्या हळू म्हणाल्या, "इथं घर नसतं मावशी. इथं विद्यार्थी असतो. एकेक, वेगवेगळा."

"मंग घर कुठी लिवतात?"

त्यांनी खरंच विचार केला. "कुठंच नाही," त्या म्हणाल्या.

चूक त्यांचीही होती, टाकताना बघायला पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, आपल्या दोघींची. पण पावतीवर सही माझी. मी छत्री घेतली आणि निघाले.

रोवणीचे दिवस होते. सोनी पाटलाच्या धानाच्या बांधीत होती, आठ-दहा बायांच्या रांगेत, पिंढरीपर्यंत चिखलात. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहिले. बायांनी मला पाहिलं आणि रांगेतलं गाणं थांबलं. सोनी वर बघेना. धानाचं रोप चिखलात खुपसत मागे सरकत राहिली.

"सोनी, चूक माही हाये," मी म्हटलं. "पैसे आले हायेत. नाव चुकलं."

"माहीत हाये मले. देल्ले तं मीच."

"दोघाईचे रोशनच्या नावावर लिवले मी. घर म्हणून."

ती उभी राहिली. हातातल्या रोपांचं पाणी कोपरावरून गळत होतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं, मला सवय आहे.

"मुन्शीबाई, तवाही तुमी माहं नाव नाई लिवलं. आता पोरीचं नाई लिवलं. तुमच्या पेनाले आमीच काऊन दिसत नाई वो?"

बाजूची म्हातारी म्हणाली, "जाऊ दे न व सोने, मोठी बाई हाये." सोनी म्हणाली, "मोठी हाये म्हणूनच इचारून राह्यली."

तवाही म्हणजे काय ते मला समजलं. बाकीच्यांनाही समजलं असावं. ज्या वर्षी तिचा नवरा सिरोंच्याला गेला त्या वर्षी, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही, सोनीनं एकटीनं पानं तोडली. समीक्षा दुसऱ्या वर्षी पाठीला बांधलेली होती. कार्ड नवऱ्याच्या नावाचं होतं. रोजचे पैसे फळीवर हातात मिळायचे, ते तिला मिळाले. पण हंगामाचा बोनस नंतर बँकेत जातो, कार्डावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात. दोन्ही वर्षांचा बोनस तिकडे गेला. ती माझ्याकडे आली होती.

"पानं कोणं तोडले?" तिनं विचारलं होतं.

"ते कार्डावर लिवत नाई," मी म्हटलं होतं. नियम तोच होता आणि मी नियमानं वागले. रात्री झोपही लागली. त्यानंतर सोनीची पानं तिच्या भावाच्या कार्डावर चढत गेली आणि भाऊ तिला तिचा वाटा देत गेला. मला वाटलं, मिटलं.

धुऱ्यावर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की घराचं एक नाव लिहिलं की घरातलं कुणीतरी त्या नावामागे झाकलं जातं. आणि झाकलं जाणारं माणूस दर वेळी तेच असतं. पण हे वाटलं तसं लगेच दुसरंही वाटलं. बाळंतिणीच्या रांगेत ठेवलेले वीस पुडे आठवले. वेगवेगळी कार्डं असती तर ते कुठे ठेवले असते? मॅडमच्या यादीत एकेक पोर सुटं उभं आहे आणि आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर बाकी लिहिलेली आहे, जशी काही तिनंच उधार घेतलं. हे तरी सरळ कसं? माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकदम उभ्या राहिल्या, आणि पायाला चिकटलेल्या जोंका, म्हणजे जळवा, काढता काढता मी दोन्हींकडे बघत राहिले.

"काय करू सांग," मी सोनीला म्हटलं.

"तिच्या नावाची पावती पायजे. तिच्या हातात. माह्या हातात नाई. आन ज्या वर्गात नाव वाचलं त्या वर्गात."

"देते."

"मंग जा. आमाले काम हाये."

पावती फाडून टाकता येत नाही. जुनीवर दोन रेघा मारून रद्द लिहायचं, ती पुस्तकाला टाचायची आणि नवी करायची. तीस घरांच्या मी दोन दिवस नव्या पावत्या केल्या, पोरागणिक एक. मॅडम समोर बसून कॉम्प्युटर सुधारत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली भाकर दिली.

सोमवारी समीक्षा आली. आईनं हात धरून फाटकापर्यंत आणलं आणि तिथून सोडलं. मी तिसरीच्या वर्गात गेले. ह्या वर्गात मी स्वतः बसले होते पन्नासेक वर्षांमागे, तेव्हा शाळा कौलारू होती. यादीत चुकून आलेली त्या वर्गातली सगळी नावं मी मोठ्यानं वाचली आणि म्हटलं, "ह्या सगळ्याईचे पैसे जूनमधीच आले. चुकलं माहं." मग एकेकाला पावती दिली. मुलं माझ्याकडे बघत राहिली. मोठं माणूस वर्गात येऊन चुकलं म्हणतं ह्यात त्यांना मजा वाटत होती. मागून कुणीतरी खुसखुसलं.

समीक्षानं पावती घेतली, बोट ठेवून वाचली. नाव, बापाचं नाव, आडनाव, इयत्ता. बापाच्या नावावर बोट जरा थांबलं.

"हे माहं होय?"

"तुहं."

"दादाले वेगळी हाये?"

"वेगळी."

तिनं ती कंपासपेटीत ठेवली. मला वाटलं, आता ही पोरगी हा कागद जन्मभर ठेवील. चार दिवसांत हरवला. ऑफिसात येऊन म्हणाली, "दुसरी द्या." मी म्हटलं, "दुसरी देत नाई." म्हणाली, "मंग तुमच्या पुस्तकात हाये का नाई ते तं दाखवा." मी दाखवली. बघून निघून गेली. त्यानंतर दर महिन्याला एकदा येऊन ती पुस्तकातलं स्वतःचं नाव बघून जायची. मॅडम म्हणायच्या, "तुमची साहेब आली."

असं ते वर्ष गेलं. मी आता प्रत्येकाची वेगळी पावती करते. चुकत नाही. पण एखादी बाई तीन पोरांचे पैसे एकत्र ठेवते तेव्हा ते तीन ढिगांत वाटताना माझा हात अजून अडतो. तिनं ते एकदम आणलेले असतात. एका हातानं, एका पिशवीत. मी पावतीच्या मागे पेन्सिलीनं एक खूण करते, हे तीन एका घरचे म्हणून. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. कॉम्प्युटरला ती दिसत नाही.

आणि मागच्या आठवड्यात, फळी लागायच्या आदल्या दिवशी, ग्रामसभेचे अध्यक्ष ऑफिसात आले. नवा मुन्शी भाच्याच्या लग्नात अडकला होता. "बाई, एक दिवस या. नुसते कार्डं लिवून द्या. खुर्ची देतो."

मॅडमनी जा म्हटलं. मी गेले. चिंचेखाली टेबल टाकलं होतं, समोर कोरी कार्डं. जागा तीच, माणसं तीच. एक बाई लांबूनच ओरडली, "मुन्शीबाई, चहा घेऊन जा वो!" मला हसू आलं. लिहायला सुरुवात केली. हात सुटला. घर पाहिलं की नाव येत होतं, विचारायला लागत नव्हतं.

मग सोनी पुढे आली. रोशन आता मोठा दिसतो, तो मागे उभा होता. समीक्षा टेबलाची कड धरून, माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत.

"भावाच्या कार्डावर का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाई. आमचं वेगळं पायजे औंदा," सोनी म्हणाली.

मी कार्ड घेतलं. पेन टेकवलं आणि थांबले. तीस हंगामांत मी कुणालाही जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कोणाच्या नावानं लिवू?"

"इचारता काय? माह्या."

मी लिहिलं, सोनी. पुढचा रकाना रिकामा. तिला मी तिच्या लग्नापासून ओळखते. तिचे हजारो पुडे मी वाकून मोजले आहेत. आणि पुढे काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं.

"पुरं नाव काय तुहं?"

सोनी तिकडे जंगलाच्या बाजूला बघत होती, जणू तिथून कुणी उत्तर सांगणार होतं.

"कोणतं सांगू?" ती म्हणाली. "आधारवर त्याचं नाव हाये माह्यामागं. माहेरचं कोणी लिवलंच नाई कधी. आन सोनी तं तुमीच म्हणता सगळे. मायनं दुसरंच नाव ठेवलं होतं."

मागे रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, "लिवा न वो बाई काईतरी, ऊन तापून राह्यलं." समीक्षानं माझ्या हातावर बोट ठेवलं.

"थांबा," ती म्हणाली, "आधी मायले आठवू द्या."

मी पेन खाली ठेवलं आणि रांगेला थांबवून ठेवलं.